आहेरातला कुडता

आमच्या गावच्या चौकात कापड जाळायचं ठरलं, तेव्हा नणंदेचं लग्न नुकतंच जमलं होतं. मुलाच्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं. तरीही या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतील असं सुरुवातीला घरात कोणाच्या मनात आलं नाही.

मी त्या घरात सून होऊन आले ती मोठा दुष्काळ सरल्यावर. माहेर वडनेरकडचं. चौथीपर्यंत शाळा केली, मग शेतात कापूस वेचायला लागले. मला आष्टीजवळच्या गावात दिलं तेव्हा आई म्हणाली होती की तिकडची माणसं बेचाळीसवाली आहेत, जपून बोल. मी तशीही फार बोलत नव्हते, त्यामुळे वेगळं जपावं लागलं नाही.

बेचाळीसच्या चळवळीत आष्टीच्या पोलीस ठाण्यावर जमाव चालून गेला आणि गोळीबार झाला, ते या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. माझे सासरे त्या जमावात होते, पकडले गेले, तुरुंगात राहिले आणि परत येऊन पुन्हा शेती करू लागले. मी त्यांना मामाजी म्हणत असे. ते खादीशिवाय दुसरं काही अंगाला लावत नसत. झेंडावंदनाला शाळेत त्यांची खुर्ची ठरलेली असे. तिच्यावर ते ताठ बसत आणि भाषण संपायच्या आत उठत. रागीट नव्हते, पण त्यांच्याजवळ एकच माप होतं. पाऊस, सरकार, पोरांची चाल, भाकरीचा पातळपणा, सगळं ते बेचाळीसच्या मापाने मोजत.

आणीबाणीत गाव गप्प झालं होतं. आमच्या ओट्यावर रोज संध्याकाळी बसणारे चारजण हळूहळू यायचे थांबले. मामाजी एकटेच बसत. एकदा सासूबाई म्हणाल्या, "आत येऊन बसा, हवा गार सुटली." तेव्हा ते म्हणाले, "मी आत गेलो तं ओटा कोनाचा राह्यला?" त्यांना कोणी काही केलं नाही, पण ओट्यावर दुसरं कोणी आलंही नाही. पुढे निवडणूक झाली, सरकार बदललं, गुलाल उडाला, आणि ओट्यावरची माणसं परत आली. मधे काही घडलंच नव्हतं अशी ती बोलत. मामाजींनी त्यांना काही विचारलं नाही. मी आतून चहा देत असे, म्हणून हे मला माहीत.

नंतरची चार-सहा वर्षं लोकांच्या बोलण्यात कापसाचा भाव सोडून दुसरं काही नव्हतं. नव्या आंदोलनातली तरुण मंडळी गावोगाव येऊ लागली. रस्ते अडवले जात, बाया मोर्चाला जात. मी गेले नाही. घरी कोणीतरी लागतं, आणि गर्दीत मला श्वास कोंडल्यासारखं होतं. नणंदेचं लग्न जमलं त्या वर्षी दिवाळीनंतर चौघे तरुण मोटारसायकलींवर आमच्याकडे आले. त्यांचं म्हणणं असं होतं की सरकार टेरिकॉट आणि नायलॉनच्या कारखान्यांना सवलती देतं आणि कापूस पिकवणाऱ्याला मारतं. म्हणून गावोगाव त्या कापडाची होळी करायची. जुन्या काळी विलायती कापडाची होळी झाली तशीच.

त्यातला एकजण मामाजींना म्हणाला, "बाबा, तेव्हाची होळी तुमी पाह्यली. आताची तुमच्याच हातानं पेटवाची."

मामाजी बाजेवरून उठून उभे राहिले. त्यांचं वय एकदम कमी दिसायला लागलं. त्या दिवशी त्यांच्या अंगात नवा पांढरा कुडता होता. साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, व्याह्यांनी आहेर म्हणून तो दिला होता. मामाजी त्या पोरांना म्हणालेही, "असी खादी आता भेटत नाई. पाहा, दिवसभर घातला तरी चुरगळला नाई."

नणंद शेंडेफळ. दहावी पास झालेली, तोंडाने तिखट, हाताने चपळ. तिला बोरगाव मेघेच्या एका घरी द्यायचं ठरलं होतं. ती माणसं आमच्यासारखीच शेतकरी, पण व्याह्यांनी पंधरा-वीस वर्षांपूर्वी शेती भावाकडे सोडून वर्ध्याच्या कडेला दुकान टाकलं होतं. मुलगा दुकानातच बसे. त्यांनी हुंड्याची भाषा केली नाही. फक्त मुलाला लग्नात टेरिकॉटचा सफारी हवा होता, आणि मामाजींनी मान डोलावली होती. साक्षगंधाच्या दिवशी व्याही हसून म्हणाले होते, "कापड माह्याच दुकानातून न्या. कमी भावात देईन." सगळे हसले होते.

मोटारसायकली गेल्या आणि मामाजी आत येऊन म्हणाले, "आता मांडवात टेरिकॉट चालनार नाई."

नणंद विळीवर बसली होती. तिने हातातलं वांगं खाली ठेवलं. "मंग नवरदेव काय पोतं घालून येईन?"

"सुती घालंन."

"त्याच्या बापाचं दुकानच टेरिकॉटचं हाय, बाबा."

"माहीत हाय," मामाजी म्हणाले आणि बाहेर गेले. खरं म्हणजे हे त्यांच्या तेवढ्यातच लक्षात आलं असावं. कारण नंतर बराच वेळ ते ओट्यावर नुसते उभे होते.

कापडाच्या होळीच्या आदल्या दिवशी गावातल्या दोन पोरी टोपलं घेऊन घरोघर कापड गोळा करत फिरल्या. आमच्या गल्लीतल्या बाया आमच्याच ओसरीवर जमल्या. टोपल्यात पडत होतं ते सगळं फाटकं होतं. गुडघ्यावर गेलेल्या पँटी, चिंधी झालेले ब्लाऊज, एका पोराचा बुशकोट म्हणता येणार नाही असा बुशकोट.

शेजारची काकू म्हणाली, "घ्या मायहो, फाटकंच घ्या. सरकार कुठं दारावर पाह्याले येऊन राह्यलं?"

एक पोरगी म्हणाली, "काकू, तुमची ती फुलाफुलाची नायलॉनची द्या ना."

"ते कायले? माह्या अंगावर एकच चांगलं हाय, अन् तेच तुमाले खुपते. सुती लुगडं घेऊन दे आधी, मंग नायलॉन काढून घेजो. तुह्या पुढाऱ्याले सांग."

बाया हसल्या, पण काकूचं म्हणणं कोणी खोडलं नाही. कापूस आमच्या घराघरात होता आणि सुती लुगडं कोणाला परवडत नव्हतं. नायलॉनचं स्वस्त पडे, शेतातून आल्यावर पाण्यातून काढलं की चूल पेटेपर्यंत वाळे, आणि वर्षभर रंग सोडत नसे. माझ्याकडेही भावाने राखीला दिलेलं एक होतं. मी ते दिलं नाही. मला कोणी मागितलंही नाही.

 टोपलं उचलून पोरी निघाल्या तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "थांबा वो. काय नेऊन राह्यल्या ते पाह्यलं काय?"

मग त्यांनी त्यांची गोष्ट सांगितली. मी ती आधी तुकड्यातुकड्याने ऐकली होती. त्या दिवशी त्यांनी सलग सांगितली. बेचाळीसच्या किती आधी ते त्यांना आठवत नव्हतं. नव्या नवरी होत्या, मामाजी विशीतले. विलायती कापडाची होळी होती. मामाजी घरात आले आणि पेटीतून सासूबाईंचं लग्नाचं लुगडं काढून घेऊन गेले. ते इतकं मऊ आणि बारीक सुताचं होतं की ते इकडचं असेल असं कोणाला वाटलं नाही. चौकात त्याचा जयजयकार झाला. वर्षभराने त्यांच्या माहेरचा म्हातारा कोष्टी खांद्यावर गठडी घेऊन दारात आला. पाणी प्यायला, आणि म्हणाला, पोरी, माझ्या हातचं ते लुगडं कसं आहे, किती डाव धुतलं? ते त्याने स्वतः मागावर विणलेलं होतं.

"मंग तुमी काय सांगितलं?" काकूने विचारलं.

"मी काय सांगनार? थे म्हणाले, जपून ठेवलं हाय." सासूबाईंनी बाहेर मान वळवली. मामाजी घरी नव्हते. "एवढं एकच खोटं बोलले असतीन जन्मात."

 सासूबाईंनी रॉकेलची चिमणी मागवली आणि पेटवली. टोपल्यातला एकेक कपडा घेऊन त्या शिवणीतून एक दोरा ओढत आणि चिमणीवर धरत. सूत असेल तर कागदासारखं जळे, बोटाने चोळलं की राख. टेरिन, म्हणजे टेरिकॉटमधला कारखान्यातला धागा, असेल तर आखडून त्याचा बारीक टणक मणी होई. राख झाली की कपडा डाव्या बाजूला, मणी झाला की उजव्या. कापसाच्या मुलखातल्या बाया आम्ही, हे सगळ्यांनाच येत होतं, पण आतापर्यंत कोणाला करावंसं वाटलं नव्हतं. डावीकडे बराच ढीग झाला. काकूने त्यातून आपली जुनी चादर परत उचलली आणि म्हणाली, "वाचली बिचारी."

नणंदेला या खेळाची मजा वाटायला लागली. तिने आपली रिबीन तपासली, उशीची खोळ तपासली, पायपुसणं तपासलं. मग खुंटीवरचा नवा कुडता काढून आणला. "आता बाबाची खादी पाहू."

"ठेव तिकडे," सासूबाई म्हणाल्या, पण तिने आतल्या शिवणीतला दोरा काढून चिमणीवर धरलासुद्धा.

तिने बोटं चोळली आणि थांबली. मग तळहात आईपुढे केला. राखेत एक काळा मणी होता. दुसरा दोरा काढला, आडव्या विणीतला. त्याचंही तेच झालं.

काकू म्हणाली, "अगं बाई," आणि आपली चादर घेऊन निघून गेली. बाकीच्या बायाही गेल्या. कोणी बाहेर बोलणार नाही असं काही ठरलं नव्हतं, पण त्या दिवशी तरी कोणी बोललं नाही.

नणंदेने कुडता खुंटीला अडकवला. "वहिनी," ती मला म्हणाली, "आता लग्न गेलं माह्यं." ती हे हसत म्हणाली, पण तिच्या हाताला घाम आला होता. मला ते दिसलं कारण तिने माझ्याच पदराला हात पुसले.

आमच्याकडे साक्षगंधाचा आहेर जाळणं, परत करणं किंवा दुसऱ्याला देणं म्हणजे सोयरीक मोडणं. तोंडाने काही सांगावं लागत नाही. आणि मामाजींना हे कळल्यावर तो कुडता ते घरात ठेवतील अशी कोणालाच आशा नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून मामाजी चौकात जायला निघाले. तोच कुडता त्यांनी अंगात घातला होता. सासूबाईंनी त्यांना थांबवलं आणि सांगितलं. फार शब्द वापरले नाहीत. तळहातावर मणी होता, तो दाखवला.

मामाजी बाजेवर बसले. मणी बोटांत घेऊन दाबून पाहिला. मग म्हणाले, "बरं झालं सांगितलं. हाच आधी टाकतो आगीत."

"अन् पोरगी?"

त्यावर ते काही बोलायच्या आत दारात व्याही उभे राहिले. गावात काय चाललंय ते त्यांना कोणा गिऱ्हाइकाने सांगितलं होतं, आणि दुकान पोरावर सोडून ते एसटीने आले होते. किरकोळ अंगाचे, हसऱ्या तोंडाचे गृहस्थ. बसताना हाताखाली येईल ते कापड दोन बोटांत धरून पाहायची त्यांना सवय होती. बाजेवरची सतरंजीही त्यांनी तशी धरून पाहिली.

"राम राम, इवाईबुवा."

"राम राम. एकदम येनं केलं?"

"आयकलं, तुमी माह्यं दुकान जाळून राह्यले म्हणून."

"दुकान नाई. कापड."

"दुकानात कापडच राह्यते ना. गूळ थोडीच राह्यते."

दाराआड नणंदेने तोंडाला ओढणी लावली. मी चहा नेऊन दिला. व्याह्यांनी कप घेतला, बशीत ओतला आणि फुंकर घातली.

मामाजी म्हणाले, "लपवनं माह्याच्यानं होत नाई. तुमी देल्लेला हा कुडता खादी नाई. याच्यात टेरिन हाय."

"हाय ना."

"तुमाले मालूम होतं?"

"घ्या! दुकानदाराले नाई तं कोनाले मालूम राहीन? आता मिसळलेली खादीबी येते, लोक तेच मागतात. मी म्हटलं, शुद्ध नेली तं तिकडे सूनबाईले खळ करा, नीळ घाला, पिटत बसा लागंन. हा झटकला का वाळला."

हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चुलीकडे वळले. त्या घरात मी दहा-अकरा वर्षं धुणं धूत होते. कापड घेताना धुणारीचा विचार केल्याचं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, तेही परक्या माणसाकडून.

मामाजी म्हणाले, "मी हा आज सगळ्यायसमोर आगीत टाकनार हाय."

व्याह्यांनी बशी खाली ठेवली. "तुमच्याकडे काय रीत हाय मले माहीत नाई. आमच्याकडे आहेर जाळला म्हणजे सोयरीक जाळली."

"आमच्याकडेबी तसंच हाय."

"मंग?"

 मामाजी खोटं बोलू शकत नव्हते आणि पोरीचं लग्नही मोडू शकत नव्हते. बाहेरून चौकातल्या घोषणा ऐकू येत होत्या. ज्या कापडाची होळी त्यांनी तरुणपणी पाहिली त्या कापडाचा मालक समुद्रापलीकडे होता. तो कधी कोणाच्या दारात येऊन बसला नाही. या वेळचा आमच्या बाजेवर बसून आमचा चहा पीत होता, आणि मनाने चांगला होता.

सासूबाई दाराशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "तेव्हा माह्यं लुगडं नेलं, मले विचारलं नाई. आज पोरीले तरी विचारा."

मामाजींनी मान वर केली. लग्न ठरलेल्या मुलीने सासऱ्यापुढे येऊन बोलायचं नसतं. तरी नणंद बाहेर आली. डोक्यावर ओढणी होती, पण ती सारखी सरकत होती.

"बाबा, जाळाचा असंन तं जाळा," ती म्हणाली. "मंग पुढच्या वर्षी दुसरा पोरगा पाहाल. ज्याच्या घरात टेरिकॉट नाई असा एकबी भेटनार नाई तुमाले. सगळ्यायच्या घरी चिमनी घेऊन फिरसान काय? मले हेच घर पाह्यजे. पन तुमाले तो कुडता घालाचा नसंन तं नका घालू. कोन म्हणते घाला म्हणून?" मग ती व्याह्यांकडे वळली. "अन् मामाजी, पुढच्या डावी काही द्याल तं आधी सांगून देत जा. आमच्या घरी एकेक दोरा तपासतात."

ती त्यांना मामाजी म्हणाली होती. लग्नाच्या आधी कोणी असं म्हणत नाही. तिलाही ते बोलून झाल्यावर कळलं असावं, कारण तिने ओढणी एकदम पुढे ओढली आणि आत पळाली.

व्याही हसायला लागले, आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. "मांडवाच्या आधीच मामाजी! आता मोडाची कसी, सांगा इवाईबुवा? पोरीनं तं मले कामाले लावलं."

मामाजी हसले नाहीत. त्यांनी कुडता अंगातून काढला, नीट घडी केली आणि सासूबाईंच्या हातात दिला. "पेटीत ठेव. हा मी घालनार नाई, अन् जाळनारबी नाई." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "सूनबाई, तो जुना आन. ठिगळाचा."

मी तो आणला. घालता घालता ते व्याह्यांना म्हणाले, "पन जावयाले सफारी मी देनार नाई. सुती देईन."

"द्या. पोराले समजवनं माह्याकडे." व्याही उठले. "चला, मीबी येतो. माह्या गिऱ्हाइकायनं काय काय जाळलं ते तरी पाहू."

आम्ही बाया काकूच्या ओट्यावरून पाहिलं. चौकात टोपली पालथी केली होती, त्यावर कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या रचल्या होत्या. मामाजींनी काडी लावली. पऱ्हाट्या भडकल्या तशी घोषणा झाली. पण पऱ्हाट्या जळून गेल्यावर कापड काही पेटेना. ते आखडलं, वितळलं, थेंब थेंब गळायला लागलं, आणि काळा धूर जमिनीलगत पसरला. कोणीतरी रॉकेल ओतलं. वास असा सुटला की पुढचे लोक मागे सरले आणि घोषणा देणारे नाकाला रुमाल लावून उभे राहिले. भाषण करणाऱ्याला मधेच खोकला आला.

व्याही मामाजींच्या शेजारी उभे होते. ते बोटाने दाखवत होते आणि काहीतरी सांगत होते. नंतर यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, घरी येऊन सांगितलं की ते एकेक कपडा ओळखत होते. ही माझ्या दुकानची, ही नाही, ही माझीच पण तीन वर्षांआधीची. तेवढ्यात एक तरुण आला, त्यांना कोणी जुना कार्यकर्ता समजला, आणि त्याने त्यांच्या टेरिकॉटच्या शर्टावर आंदोलनाचा बिल्ला लावून दिला. व्याह्यांनी तो काढला नाही. संध्याकाळच्या एसटीत तो लावूनच बसले.

दुसऱ्या दिवशी पाहिलं तर चौकात काळा चिकट गोळा जमिनीला धरून बसला होता. खराट्याने निघाला नाही, कुदळीने थोडा निघाला. बैलगाड्या त्याच्यावरून जात राहिल्या. सासूबाई पाणी आणायला जाताना त्याला वळसा घालत. "आमच्या वेळची राख एका वाऱ्यानं गेलती," एवढंच एकदा म्हणाल्या.

पुढे माझा मुलगा वरच्या वर्गात गेला तेव्हा त्याच्या इतिहासाच्या पुस्तकात दुसऱ्या देशातल्या एका क्रांतीचा धडा होता. तो शाळेत गेला की मी ते वाचत असे. तिथल्या बाया भाकरी महाग झाली म्हणून राजाच्या वाड्यावर चालून गेल्या असं त्यात लिहिलं होतं. त्या दिवशी त्यांच्या घरी स्वयंपाक कोणी केला, पावसात भिजल्या असतील तर परत येऊन काय नेसल्या, त्यातल्या एखादीच्या पोरीचं लग्न वाड्यातल्या कोणाशी ठरलं होतं का, हे लिहिलं नव्हतं. मास्तरला विचारावं असं मनात आलं, पण विचारलं नाही. मला वाटतं, राग दर वेळी खराच असतो. बेचाळीसचा खरा होता, आणीबाणीनंतरचा खरा होता, कापसाचाही खरा होता. पण राग काढायला निघालेल्या माणसाच्या हाताला आधी घरातलंच काहीतरी लागतं. बाहेरचं लांब असतं.

त्याच वर्षी मार्गशीर्षात लग्न झालं. मामाजींनी जावयासाठी हातमागाचं सुती कापड आणून शर्ट-पँट शिवून घेतली होती. पँट जरा सैल झाली होती. नवरदेव ती घालून बोहल्यावर उभा राहिला, तोंड पडलेलं. अंतरपाट निघाला, अक्षता पडल्या. तेवढं होईपर्यंत त्याने धीर धरला. मग पंगतीच्या आधी त्याचे मित्र त्याला कपडे बदलायला आमच्या घरात घेऊन आले. सफारी त्यांच्याकडे होता. व्याह्यांनी दुकानातल्या कापडाचा शिवून दिला होता आणि समजवणं त्यांच्याच्याने तेवढंच झालं होतं.

घरात माणसं भरलेली, दार लावता येईल अशी एकच खोली राहिली होती. ती कापसाची. आंदोलनवाल्यांनी भाव मिळेपर्यंत कापूस विकू नका म्हणून सांगितलं होतं, त्यामुळे खोली वाशांपर्यंत भरली होती. दारापाशी माणूस उभा राहील एवढी जागा होती. मित्र आत एकमेकांना ढकलत होते, हसत होते, आणि नवरदेव एकदा तरी त्या ढिगात पडला असावा. तो बाहेर आला तेव्हा त्याचा निळा सफारी पांढरा झाला होता. केसांत, कॉलरवर, पाठीवर, सगळीकडे कापूस.

त्याने झटकला. टेरिकॉट कापसाला असं धरतं की झटकलं तर तो आणखी पसरतो. मित्रांनी थापट्या मारल्या, तो कापूस बाह्यांवर गेला. पंगतीतले लोक माना वळवून पाहू लागले.

मामाजी पाण्याचा जग घेऊन पंगतीत फिरत होते. ते थांबले. सफारी पाहिला, वरपासून खालपर्यंत. मला वाटलं आता ते काहीतरी बोलतील आणि एवढं सगळं झालेलं वाया जाईल. नणंदेलाही तसंच वाटलं असणार. ती मुंडावळ्यांसकट तशीच उठली, सगळ्यांच्या देखत नवऱ्याजवळ गेली आणि त्याच्या छातीवरचा कापूस बोटांनी वेचायला लागली. दोन्ही हातांनी, भराभर, आम्ही शेतात वेचतो तसा. वेचलेला तिने शालूच्या पदरात घेतला.

व्याही पंगतीतूनच ओरडले, "इवाईबुवा, बाजारात नेत नाई म्हणून कापूस आमच्या घरी धाडून राह्यले काय?"

मामाजींनी जग खाली ठेवला आणि ते हसले. त्या घरात मी त्यांना मोठ्याने हसताना फारसं ऐकलं नव्हतं. "न्या, न्या," ते म्हणाले. "तुमी तरी भाव द्या."

तो कापूस आम्ही पुढे फाल्गुनात विकला. भाव वाढला नव्हता. लग्नाच्या दिवशी मात्र वरात निघायला उशीर झाला, कारण नणंद ऐकेना. तिला पाठीवरचा राहिलेला वेचायचा होता. शेवटी सासूबाईंनी तिला ओढून गाडीत बसवलं. गाडी वेशीकडे वळली तेव्हाही ती नवऱ्याच्या कॉलरवरून कापसाचा एकेक तंतू काढत होती आणि खिडकीतून सोडत होती.